उन्हाची बिनव्याजी उचल

कपडे धुण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. साबणांच्या जाहिराती, धुलाईयंत्रांच्या किमती, पाण्याचा जडपणा, कामवाल्या बाईंची सुटी असे त्याचे नाना पदर आहेत. कपडे वाळविण्याविषयी मात्र कोणी फारसे बोलत नाही. दोरीवर टाकले की वाळतात, एवढ्यावर विषय संपतो. महाराष्ट्रातून बदली होऊन बंगळुरूला येणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांच्या घरी मात्र हा विषय साधारणतः नोव्हेंबरच्या अखेरीस नव्याने सुरू होतो. सोलापूर, नागपूर, जळगाव येथील उन्हाची सवय असलेल्या माणसाला संध्याकाळी हातात गारढोण सदरा आला की तो ओला आहे की नुसताच थंड आहे, हेच कळेनासे होते. दुसऱ्या दिवशी तोच सदरा इस्त्रीखाली वाफ सोडतो, तिसऱ्या दिवशी त्याला कुबट वास येतो आणि सगळा दोष या शहराच्या थंडीवर ढकलला जातो.

हा दोषारोप कितपत योग्य आहे? थंडीत कपडे बाहेर वाळत नाहीत ही समजूत खरी आहे काय? आणि दोरीवर कपडे वाळविण्याची साधी सोय एखाद्या शहरातून हळूहळू नाहीशी झाली, तर त्याची किंमत नेमकी कोण मोजतो? या तीन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

बंगळुरूची थंडी

बंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवर, पठारी प्रदेशात वसलेले आहे. डिसेंबर-जानेवारीत येथील रात्रीचे तापमान सरासरीने 15 ते 16 अंश सेल्सिअसपर्यंत उतरते आणि दुपारचे तापमान 26-27 अंशांपर्यंत चढते. या शहराच्या नोंदींतील सर्वांत थंड दिवस 13 जानेवारी 1884 हा असून त्या दिवशी पारा 7.8 अंशांपर्यंत खाली गेला होता. म्हणजे उत्तर भारताच्या मानाने ही थंडी सौम्यच. नाशिक वा महाबळेश्वरच्या वाचकांना तर तिला थंडी म्हणावे की नाही, असाच प्रश्न पडेल.

तथापि या थंडीचे एक वैशिष्ट्य आहे. तिची सकाळ आणि तिची दुपार यांत फार अंतर असते. पहाटे देवनहळ्ळीच्या विमानतळावर धुके उतरते आणि विमानांचे वेळापत्रक कोलमडते. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या फरशीवर अनवाणी उभे राहिल्यास ऊब जाणवते. कपडे वाळण्याचे सारे गणित या दोन प्रहरांच्या अंतरात दडलेले आहे.

हवेची मंजूर मर्यादा

बँकेतील वाचकांना हे गणित समजावून सांगणे सोपे आहे. हवा ही एखाद्या कॅश क्रेडिट खात्यासारखी असते, असे मानू. प्रत्येक तापमानाला एक घनमीटर हवेत पाण्याची किती वाफ मावेल याची मर्यादा निसर्गाने मंजूर करून ठेवली आहे. तापमान वाढले की मर्यादा वाढते, उतरले की घटते. त्या मर्यादेपैकी जेवढी वाफ हवेत आधीच आहे, ती झाली उचल. उरलेली शिल्लक म्हणजे आपल्या ओल्या कपड्यांतील पाणी सामावून घेण्याची हवेची क्षमता होय. हवामान खाते ज्याला सापेक्ष आर्द्रता म्हणते, ती म्हणजे मंजूर मर्यादेशी या उचलीचे शेकडा प्रमाण.

आता आकडे पाहू. 16 अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 13.6 ग्रॅम वाफ मावते. डिसेंबरातल्या एखाद्या सकाळी हवेत 12 ग्रॅम वाफ आधीच असेल, तर शिल्लक उरते जेमतेम 1.6 ग्रॅम. दुपारी तापमान 27 अंश झाले की मर्यादा 25.8 ग्रॅमपर्यंत वाढते. हवेतील वाफ मात्र जवळजवळ तेवढीच, म्हणजे 12 ग्रॅम राहते. शिल्लक आता 13.8 ग्रॅम! तीच हवा, तीच दोरी आणि तोच सदरा. परंतु सहा-सात तासांत हवेची तहान आठपटीहून अधिक वाढली.

याच्याशी जुलै महिन्याची तुलना करून पाहावी. ढगाळ दुपारी तापमान 24 अंश असेल, तर मर्यादा 21.8 ग्रॅम असते. पण पावसाळी हवेत 17 ग्रॅम वाफ सहज असू शकते. शिल्लक पाच ग्रॅमहूनही कमी. हा हिशेब ढोबळ आहे आणि प्रत्येक दिवशी आकडे थोडे निराळे असतील. पण त्याचे तात्पर्य बदलत नाही. बंगळुरूतील डिसेंबरची निरभ्र दुपार ही जुलैच्या दुपारीपेक्षा कपड्यांना कितीतरी अधिक अनुकूल असते. कपड्यांचा खरा शत्रू थंडी नसून हवेतील दमटपणा आहे, आणि त्याच्या जोडीला वाऱ्याचा अभाव.

वाऱ्याचे महत्त्व याच हिशेबातून कळते. ओल्या कपड्याला लगटून असलेला हवेचा पातळ थर थोड्याच वेळात आपली मर्यादा गाठतो. तो थर तेथेच राहिला तर बाष्पीभवन मंदावते. वाऱ्याची झुळूक येऊन तो थर दूर करते आणि नव्या, रिकाम्या हवेला जागा देते. म्हणूनच चार भिंतींच्या आतल्या उन्हाच्या तिरिपेपेक्षा मोकळ्या गच्चीवरची वाऱ्याची सावली पुष्कळदा सरस ठरते.

शेजारच्या एक वयोवृद्ध अज्जी हे सारे एका वाक्यात सांगत असत. डिसेंबरात सकाळी सातला बादली घेऊन गच्चीकडे निघालेल्या नव्या शेजाऱ्याला त्या हटकून म्हणत, “आता नको, गच्चीला आधी ऊन पिऊ दे, मग कपड्यांना पाज.” धुणे सकाळीच उरकावे हा आपल्या घरांतील पिढ्यान्पिढ्यांचा शिरस्ता. तो धुण्यापुरता खरा आहे. वाळत घालण्याची वेळ मात्र येथील हिवाळ्यात नऊ-साडेनऊनंतरची. आणि कपडे काढण्याची वेळ पाचच्या आतली, कारण सूर्य कलला की तापमान उतरते, हवेची मर्यादा आकसते आणि निरभ्र रात्री उघड्यावर राहिलेल्या कपड्यांवर दंव पडते. दिवसभर हवेला दिलेले पाणी रात्री हवा परत करते, असेच म्हणावे लागेल.

बंगालच्या उपसागराचे पाहुणे

वरील हिशेब निरभ्र दिवसांचा झाला. बंगळुरूच्या हिवाळ्यात काही दिवस असेही येतात की, दुपारचे दोन आणि सकाळचे आठ यांत फरकच उरत नाही. महाराष्ट्रातील पावसाळा दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास आटोपतो. दक्षिणेत मात्र ईशान्य मोसमी वारे त्याच सुमारास सुरू होतात आणि बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे निर्माण होतात. किनाऱ्यावर चक्रीवादळ आले की सुमारे तीनशे किलोमीटर आत असलेल्या बंगळुरूवर ढगांचे छत पसरते, बारीक रिपरिप सुरू होते आणि दिवसाचे तापमान वर चढतच नाही. डिसेंबर 2022 मधील ‘मांडूस’ चक्रीवादळाच्या वेळी हा अनुभव आला. नोव्हेंबर 2024 च्या अखेरीस पुदुच्चेरीजवळ किनाऱ्याला धडकलेल्या ‘फेंजल’ वादळानंतर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो पुन्हा आला.

अशा दिवसांत घरोघरी खोल्यांमधून दोऱ्या बांधल्या जातात. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पाच किलो सुती कपडे यंत्रातून पिळून निघाले तरी त्यांत सुमारे तीन लिटर पाणी उरलेले असते. खिडक्या बंद करून ते घरात वाळविले, तर हे तीन लिटर पाणी खोलीच्या हवेत, तेथून भिंतींत, गाद्यांत आणि कपाटांमागे जाऊन बसते. भिंतीला बुरशी धरते आणि दम्याच्या रुग्णांना त्याचा उपद्रव होतो. म्हणून घरात कपडे वाळविणे अपरिहार्य असेल, तेव्हा एकच खोली निवडावी, तिची खिडकी किलकिली ठेवावी आणि पंखा चालू ठेवावा. थंडी आत येईल या भीतीने खिडकी बंद करणे म्हणजे दमटपणाला मुक्कामास ठेवून घेणे होय.

कुबट वासाचे कारणही याच दिरंगाईत आहे. जपानमधील संशोधकांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ‘मोराक्सेला ऑस्लोएन्सिस’ या जिवाणूचा या वासाशी असलेला संबंध दाखवून दिला. कपडे बराच काळ ओले राहिले की अशा जिवाणूंना वाढण्यास अवसर मिळतो. याउलट, उन्हात वाळलेल्या पंचाला जो एक स्वच्छ, कोरा सुगंध येतो, तोही केवळ मनाचा खेळ नव्हे. कोपनहेगन विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये असे दाखविले की, उन्हात वाळलेल्या सुती टॉवेलांत अल्डिहाइड व कीटोन वर्गातील काही सुगंधी संयुगे आढळतात आणि ती घरात वाळलेल्या टॉवेलांत तशी आढळत नाहीत.

बर्फातही कपडे वाळतात

थंडी हा अडथळा नसल्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा लडाखमध्ये मिळतो. सुमारे 3,500 मीटर उंचीवरील लेह येथे जानेवारीत दिवसाचे कमाल तापमानही पुष्कळदा शून्याखाली राहते. तेथे दोरीवर टाकलेला ओला कपडा थोड्याच वेळात गोठून फळीसारखा ताठ होतो. सदऱ्याच्या बाह्या पसरलेल्या असतील तर तशाच राहतात. आता हा वाळणार कसा, असे पाहुण्याला वाटते. परंतु उन्हात आणि कोरड्या वाऱ्यात काही तासांनी तो पुन्हा मऊ पडू लागतो, कारण त्यातील बर्फ पाणी न होता थेट वाफेच्या रूपाने निघून जातो.

शालेय पुस्तकात आपण सर्वांनी ‘संप्लवन’ हा शब्द वाचलेला आहे. कपाटातील डांबराच्या गोळ्या वितळून ओल न करता झिजत जातात, देवापुढचा कापूर डबीत ठेवल्या ठेवल्या उडून जातो, तोच हा प्रकार. झटपट कॉफीचे काही प्रकार तयार करताना हेच तत्त्व कारखान्यात वापरले जाते. लडाखच्या हवेची मंजूर मर्यादा थंडीमुळे अगदी लहान असते हे खरे. पण तेथील हवा अतिशय कोरडी असल्यामुळे उचल त्याहूनही कमी असते. शिवाय पातळ हवेतील प्रखर ऊन असतेच. शिल्लक थोडी का होईना, पण नेहमी उपलब्ध राहते. ज्यांना हिवाळ्यात हिमालयात जाण्याचा योग येईल, त्यांनी गोठलेले कपडे दोरीवरून काढताना घडी मात्र घालू नये. ताठ झालेले धागे तुटण्याचा संभव असतो.

दोरी कोठे बांधावी?

घर भाड्याने घेताना आपण पाणी, पार्किंग आणि बसथांबा पाहतो. दोरीची दिशा सहसा पाहत नाही. बंगळुरू 13 अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे सूर्य 24 एप्रिल व 18 ऑगस्टच्या सुमारास बरोबर माथ्यावर येतो. या दोन तारखांच्या दरम्यान तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो आणि वर्षाच्या उरलेल्या काळात दक्षिणेकडे. डिसेंबरच्या अखेरीस तर भर दुपारीही तो दक्षिणेच्या बाजूला बराच कललेला असतो. म्हणजे हिवाळ्यात दक्षिणेकडील सज्जाला भरपूर ऊन मिळते आणि उत्तरेकडील सज्जा दिवसभर सावलीत राहतो. येथील बहुतेक सदनिकांत स्वयंपाकघरामागे कपड्यांसाठी लहानसा सज्जा असतो आणि छताला कप्पीवर वरखाली होणाऱ्या दांड्या लावलेल्या असतात. तो सज्जा उत्तरेला असेल, तर हिवाळ्यापुरती तरी गच्चीवरच्या दोरीची सोय पाहावी.

काही साध्या गोष्टी पाळल्यास निम्मे काम सोपे होते. कपडे यंत्रातून काढण्यापूर्वी पिळण्याचा फेरा आणखी एकदा द्यावा. आपल्याकडे या पिळणाऱ्या टाकीलाच अनेकजण ‘ड्रायर’ म्हणतात. वस्तुतः ती कपडे सुकवीत नाही, गरगर फिरवून पाणी निथळून काढते. पण असे काढलेले पाणी उष्णतेने घालविण्याच्या पाण्याहून कितीतरी स्वस्त पडते. नंतर प्रत्येक कपडा जोराने झटकावा. त्यामुळे सुरकुत्या मोडतात आणि घडीत हवा शिरते. दोन कपड्यांत चार बोटांचे अंतर सोडावे. जाड चादर व सोलापुरी पंचा एका दोरीवर दुहेरी न टाकता दोन दोऱ्यांवर पसरावा, म्हणजे मधून वारा खेळतो. जीनची विजार उलटी करून, खिसे बाहेर काढून टांगावी. गडद रंगाचे कपडे उलटे करावेत. रेशमी साडी आणि लोकरीचा स्वेटर यांना मात्र ऊन न देता वाऱ्याची सावली द्यावी. स्वेटर टांगण्याऐवजी आडवा पसरावा, अन्यथा पाण्याच्या भाराने तो लांबतो.

मडिवाळ आणि परीट

कपडे वाळविण्याची ही विद्या ज्यांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळली, त्या समाजाची आठवण येथे केलीच पाहिजे. बंगळुरूतील ‘मडिवाळ’ ही वस्ती बसप्रवाशांना ठाऊक असते. कन्नड भाषेत मडिवाळ म्हणजे परीट. ‘मडी’ हा शब्द स्वच्छ, धुतलेल्या, सोवळ्याच्या वस्त्रासाठी वापरतात. आपल्या आजी-पणजी सोवळे उंच वलणीवर काठीने वाळत घालीत आणि त्याला कोणाचा हात लागू देत नसत. तोच आचार येथे ‘मडी’ या नावाने चालत आला. बाराव्या शतकातील शरण मडिवाळ माचिदेव हे कल्याण येथे शरणांची वस्त्रे धुण्याचे काम करीत. कर्नाटकात दरवर्षी 1 फेब्रुवारीस त्यांची जयंती साजरी होते. आणि 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्मलेल्या संत गाडगेबाबांनी तर अवघ्या महाराष्ट्राला स्वच्छतेचा धडा दिला. इस्त्री केलेल्या कपड्यांना ‘परीटघडी’ हा शब्द देऊन मराठीनेही या कसबाचा गौरव केलेला आहे.

मुंबईच्या महालक्ष्मी स्थानकाच्या पुलावरून दिसणारा, 1890 चा धोबीघाट सर्वांच्या परिचयाचा आहे. तेथे बारकाईने पाहिल्यास लक्षात येते की, दोऱ्यांवर चिमटे जवळजवळ नसतातच. दोन दोऱ्या एकमेकींभोवती पिळून बांधलेल्या असतात आणि कपड्याचे टोक त्या पिळात खोचलेले असते. वाऱ्याने दोरी हलली तरी कपडा सुटत नाही, शेकडो चिमट्यांचा खर्च वाचतो आणि चिमट्याचा व्रणही कपड्यावर उमटत नाही. अमेरिकेत डेव्हिड स्मिथ यांनी 1853 मध्ये स्प्रिंगच्या चिमट्याचे पेटंट घेतले. आपल्या धोब्यांना त्याची गरज फारशी भासली नाही.

बंगळुरूतही मल्लेश्वरम्‌सारख्या जुन्या भागांत धोबीघाट आहेत. अलीकडच्या काळात घाटांवर धुलाईची यंत्रे आली, त्यामुळे दगडावर कपडे आपटण्याचे कष्ट काहीसे कमी झाले. वाळविण्यासाठी मात्र अजूनही दोरी, बांबू आणि आकाश यांवरच भिस्त आहे. एकेकाळी या शहरातील तळ्यांच्या काठी पाणी आणि मोकळी जागा शेजारी-शेजारी मिळत असे. पुढे धर्मांबुधी तळ्याच्या जागी मुख्य बसस्थानक आले आणि संपंगी तळ्याच्या जागी क्रीडांगण झाले. पाण्याला पर्याय निघाला, नळ आला. मोकळ्या जागेला पर्याय निघाला नाही.

आमच्या शाखेचे एक ज्येष्ठ ग्राहक हाच व्यवसाय करतात. दोन अतिथिगृहांच्या चादरी, उशांचे अभ्रे व टॉवेल आणि शिवाय काही घरांचे धुणे, असे त्यांचे काम. ते पिग्मी ठेव नियमाने भरतात. डिसेंबर 2024 च्या त्या ढगाळ आठवड्यात त्यांच्या ठेवीत सलग काही दिवस रक्कम जमा झाली नाही. नंतर शाखेत आले तेव्हा चौकशी केली. काम भरपूर होते, पण चादरी वाळल्या नाहीत, त्यामुळे पोहोचविता आल्या नाहीत, आणि पोहोचविल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. अतिथिगृहाने तोवर दुसरीकडून चादरी मागविल्या. सारे सांगून झाल्यावर ते म्हणाले, “सार, पाणी आले नाही तर टँकर मागवता येतो. ऊन कोठून मागवू?”

या एका वाक्यात त्यांच्या व्यवसायाची सारी जोखीम आली. धुण्याचा वेग यंत्राने कितीही वाढविला, तरी उत्पन्न ठरते ते वाळविण्याच्या वेगाने. ज्या घाटाशेजारी उंच इमारत उभी राहते, त्या घाटाचे दुपारचे दोन तास ऊन कमी होते. म्हणजे रोजच्या कामाचा मोठा वाटा कमी होतो. ही हानी कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही.

अशा व्यावसायिकांनी महागडे सुकविण्याचे यंत्र घेण्याआधी पाणी निथळून काढणाऱ्या यंत्राचा विचार करावा, असे वाटते. कपड्यातील पाणी आधीच कमी झाले, तर ढगाळ दिवशीही वारा आपले काम पुरे करू शकतो. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतील 18 व्यवसायांत धोबी व्यवसायाचा समावेश आहे. तीत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य, तसेच तारणाविना पहिल्या टप्प्यात 1 लाख आणि दुसऱ्या टप्प्यात 2 लाख रुपयांपर्यंतचे कर्ज 5 टक्के व्याजाने देण्याची तरतूद आहे. आपल्या घरचे कपडे ज्यांच्या हातून जातात, त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचविणे हे कर्मचारी आणि ग्राहक दोघांनाही सहज शक्य आहे.

हिशेबाची बाजू

आता घरगुती हिशेब. एक लिटर पाण्याची वाफ करण्यास सुमारे 0.68 युनिट विजेइतकी उष्णता लागते. हा निसर्गाचा दर आहे, त्यात सवलत नाही. तीन लिटरसाठी किमान दोन युनिटे झाली. विजेच्या साध्या सुकवणी यंत्रात उष्णता वाया जातेच, तेव्हा प्रत्यक्षात तीन ते चार युनिटे धरावीत. साडेतीन युनिटे आणि युनिटमागे 7 रुपये धरल्यास एका वेळचा खर्च 24.50 रुपये. आठवड्यातून चार वेळा म्हणजे वर्षाला 208 वेळा हे यंत्र चालविले, तर खर्च 5,000 रुपयांच्या पुढे जातो. यंत्राची किंमत, दुरुस्ती व घसारा वेगळा. हेच काम ऊन आणि वारा विनामूल्य करतात. या उचलीवर ना व्याज, ना तारण, ना नूतनीकरणाचा अर्ज!

मोकळ्या दोरीचा हक्क

असे असूनही दोरी हळूहळू नजरेआड होत आहे. काही गृहसंकुलांच्या नियमावलीत दर्शनी सज्जात कपडे वाळत घालण्यास मनाई असते. गच्चीला कुलूप असते किंवा ती सौरतावदाने आणि पाण्याच्या टाक्यांनी व्यापलेली असते. इमारतीच्या शोभेचा मुद्दा अगदीच गैरलागू आहे, असे नाही. रस्त्यावरून दिसणारी आंतरवस्त्रांची रांग कोणालाच आवडत नाही. परंतु त्यावर उपाय मनाईचा नसून सोयीचा असावा.

मुलांकडे अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या ग्राहकांनी हा अनुभव घेतलेला असतो. अंगण मोठे, ऊन स्वच्छ, पण दोरी बांधायची नाही, कारण वसाहतीच्या संघटनेचा नियम! या नियमांविरुद्ध तेथे ‘वाळविण्याचा हक्क’ मागणारी चळवळच उभी राहिली. फ्लॉरिडा, व्हरमाँट, मेन आदी राज्यांनी दोरीवर सरसकट बंदी घालता येणार नाही, अशा आशयाचे कायदे केले. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने 2008 मध्ये तसाच निर्णय घेतला. जपानमध्ये तर हवामानाच्या अंदाजासोबत ‘धुण्याचा निर्देशांक’ सांगितला जातो; आज कपडे बाहेर वाळतील की नाही, हे गृहिणीला आणि गृहस्थाला सकाळीच कळते. संपन्न देशांना जी गोष्ट कायदा करून परत मिळवावी लागली, ती आपल्याजवळ अजून आहे. ती जपण्यासाठी फार मोठी किंमत मोजावी लागत नाही. गच्चीचा एक दक्षिणाभिमुख कोपरा, चार खांब, आठ दोऱ्या, घराघरांचे ठरलेले वार आणि कठड्याला छातीइतकी उंच जाळी एवढे पुरेसे आहे. संकुलाच्या पुढच्या वार्षिक सभेत पार्किंग व पाण्याच्या चर्चेनंतर पाच मिनिटे या विषयाला द्यावीत. ज्या प्रभागात धोबीघाट आहे, तेथील नागरिकांनी त्याच्या भोवतालच्या मोकळ्या जागेकडे पडीक भूखंड म्हणून न पाहता एका चालत्या व्यवसायाचे भांडवल म्हणून पाहावे.

बचतीचे महत्त्व बँकेने सांगावे, यात नवल नाही. पण बचत केवळ रुपयांचीच होते असे नाही. हिवाळ्यातील स्वच्छ दुपारी नऊ ते पाच या वेळेत, म्हणजे साधारणतः आपल्याच कामकाजाच्या वेळेत, आकाशातही एक शाखा उघडी असते. तिची खिडकी सर्वांसाठी सारखीच आहे. तेथे जाण्यास लागते ती एक दोरी, आणि ती बांधण्यापुरती मोकळी जागा.